ध्वजदिन संपल्यानंतर

डिसेंबर महिना उजाडला की शाळांतील मुलामुलींच्या हाती कागदी निशाणांची पाकिटे आणि पत्र्याची पेटी येते. सात तारखेस सशस्त्र सेना ध्वजदिन साजरा होतो. १९४९ सालापासून अव्याहत चालत आलेला हा परिपाठ आहे. राज्यपालांच्या छातीवर निशाण टाचले जाते, त्याचे छायाचित्र दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांत झळकते (आम्हीही ते छापतो, हे कबूल केलेच पाहिजे), आणि पेटीत पडलेली नाणी व नोटा मोजून योग्य त्या खात्यात भरणा होतो. त्यानंतर बाराच दिवसांनी गोवा मुक्तिदिन येतो. त्या दिवशी १९६१ च्या लष्करी कारवाईचे स्मरण होते, अंजदीव बेटावर देह ठेवणाऱ्या नौसैनिकांना मानवंदना दिली जाते, भाषणे होतात. वीस डिसेंबरपासून पुढचा डिसेंबर येईतो मात्र अंगावरचा गणवेश उतरवून गावी परतलेला सैनिक काय करतो, त्याचे घर कसे चालते, त्याच्या पश्चात त्याच्या विधवेच्या हाती काय पडते, याची चौकशी करण्याची सवड समाजाला नसते आणि सरकारलाही फारशी नसते.

माजी सैनिकांसाठी काहीच केले जात नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. वस्तुतः योजनांची वाण नाही. पहिल्या महायुद्धानंतर १९१९ साली स्थापन झालेले सैनिक मंडळ १९७५ पासून केंद्रीय सैनिक मंडळ या नावाने काम करीत आहे. संरक्षणमंत्री त्याचे अध्यक्ष असतात. राज्यात राज्य सैनिक मंडळ आणि त्याखाली जिल्हा सैनिक मंडळे, अशी ही उतरंड आहे. २००४ साली संरक्षण मंत्रालयात माजी सैनिक कल्याणासाठी स्वतंत्र विभाग निघाला. ज्यांना निवृत्तिवेतन नाही अशा, हवालदार वा त्याखालील दर्जाच्या आणि वयाची ६५ वर्षे ओलांडलेल्या माजी सैनिकांना, तसेच त्यांच्या विधवांना दरमहा चार हजार रुपये साहाय्य मिळत असे. ऑक्टोबर २०२५ मध्ये ते दुप्पट म्हणजे आठ हजार रुपये करण्याचा निर्णय झाला. त्याच वेळी दोन मुलांपर्यंत शिक्षणासाठी मिळणारी रक्कम दरमहा एक हजारावरून दोन हजारांवर आणि मुलीच्या विवाहासाठीची रक्कम पन्नास हजारांवरून एक लाखावर नेण्यात आली. व्यावसायिक शिक्षण घेणाऱ्या पाल्यांना पंतप्रधान शिष्यवृत्ती आहे. मुलींना दरमहा तीन हजार, मुलांना अडीच हजार. हा सारा पैसा आभाळातून पडत नाही. साहाय्याच्या अनेक योजनांमागे तोच ध्वजदिन निधी उभा आहे, ज्याच्या पेटीत आपण दरवर्षी दहा-वीस रुपये टाकून मोकळे होतो.

मग अडते कोठे? आमच्या मते अडते ते कागद आणि माणूस यांच्यामधल्या अंतरात. हे अंतर गोव्यात इतरांपेक्षा अधिक आहे आणि त्याला कारणही गोव्याच्या इतिहासात सापडते.

सातारा जिल्ह्यातील अपशिंगे किंवा कोल्हापुरातील सैनिक टाकळी ही गावे डोळ्यांपुढे आणावीत. तेथे घरटी एक तरी माणूस पलटणीत गेलेला असतो. निवृत्तिवेतनाचा कागद कोणत्या कचेरीत अडकतो, पत्नीचे नाव रेकॉर्ड ऑफिसात नोंदले नसेल तर काय करावे, कँटीनचे कार्ड कसे मिळते, हे ज्ञान तेथे पारावर बसल्या बसल्या मिळते. कोणी सुभेदार साहेब शेजारच्या पोराचा अर्ज भरून देतात. कोकणात दापोलीचे नाव अजून ‘कॅम्प दापोली’ असे घेतले जाते, ते तेथे वस्ती करून राहिलेल्या लष्करी पेन्शनरांच्या आठवणीनेच. डॉ. आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ हेही निवृत्तीनंतर तेथेच येऊन राहिले होते. अशा वस्तीत पेन्शन म्हणजे काय, हे कोणाला समजावून सांगावे लागत नव्हते. गोव्यात ही परंपरा रुजायला अवसरच मिळाला नाही. १९६१ पर्यंत येथे परकी राजवट. गोमंतकीय माणूस घराबाहेर पडला तो तारवटी होऊन, वाजंत्री होऊन, नाहीतर मुंबईत खानसामा किंवा कारकून होऊन. भारतीय सैन्यात गेलेले होते, नाही असे नाही. जनरल सुनीथ रॉड्रिग्स यांच्यासारखा गोमंतकीय वंशाचा सेनानी १९९० ते १९९३ या काळात लष्करप्रमुख झाला. परंतु पेडणे, सत्तरी, सांगे, काणकोण येथील वाड्यावाड्यांतून पलटणीत जाणारी पोरे ही मुक्तीनंतरच्या पिढीची कमाई. परिणामी गोव्याच्या एखाद्या गावात माजी सैनिक असतो तो एकटाच. विचारायला शेजारी सुभेदार नसतो. त्याची संख्या थोडी म्हणून मतपेटीत त्याचे वजनही थोडे, ही कडवी गोष्टही येथेच नोंदवून ठेवतो.

त्या एकट्या माणसाचे निधन झाल्यावर काय होते, ते पाहण्यासारखे आहे. विधवेला कुटुंब निवृत्तिवेतन मिळायचे ते तिचे नाव सेनेच्या दप्तरी बरोबर नोंदलेले असेल तरच बिनतक्रार मिळते. आणि आमच्याकडे नाव ही केवढी गुंतागुंतीची वस्तू आहे! लग्नाची नोंद सिव्हिल रजिस्ट्रारकडे एका नावाने. सासरी आल्यावर ठेवलेले नाव दुसरे. आधार कार्डावर तिसरेच लेखन. आणि नवऱ्याने तीस वर्षांपूर्वी युनिटमधल्या कारकुनाला तोंडी सांगितले ते चौथे. आडनाव कोठे ‘गावकर’, कोठे ‘गांवकर’, कोठे ‘गावणेकर’. जन्मतारखेची हीच गत. जुन्या पोर्तुगीज नोंदवह्यांतील लेखन आणि आजचे लेखन यांचा मेळ घालताना भल्याभल्यांची दमछाक होते. नाव बदलण्यासाठी राज्यात १९९० चा स्वतंत्र कायदा आहे, यावरूनच प्रश्न किती जुना व किती मोठा आहे ते कळावे. पती हयात असता एका अर्जाने झालेली दुरुस्ती पतीच्या पश्चात प्रतिज्ञापत्रे, दाखले, कचेऱ्या अशी वर्षभराची वणवण होऊन बसते. त्या वर्षभरात त्या घरी पैसा येत नाही.

बरे, वणवण करायची तर ती कोणत्या दिशेने? मराठा लाइट इन्फंट्रीच्या जवानाची कागदपत्रे बेळगावात. बॉम्बे सॅपर्सची खडकीला. सिग्नल्सची जबलपूरला. नौसैनिकाची मुंबईत मानखुर्दला, हवाई दलाची दिल्लीला. निवृत्तिवेतनाचा सारा कारभार अलीकडे ‘स्पर्श’ या संगणकीय व्यवस्थेत गेला असून त्याचे सूत्रचालन प्रयागराजहून होते. ही व्यवस्था चांगली की वाईट, हा वाद आम्ही येथे करीत नाही. दलालाचा व बाबूचा हात मधून निघाला, हा तिचा गुणच म्हणावा लागेल. तथापि दर वर्षी हयातीचा दाखला संगणकावर द्यावयाचा, परवलीचा शब्द लक्षात ठेवावयाचा, मोबाइलवर आलेला आकडा वेळेत भरावयाचा, हे सत्तरी ओलांडलेल्या, बोटांचे ठसे झिजून गेलेल्या शेतकरी बाईला जमेल असे ज्याने गृहीत धरले, तो कधी वाळपईच्या पुढे गेला नसावा. दाखला वेळेत गेला नाही की वेतन थांबते. आणि ते का थांबले, हे सांगायला गावात कोणी नसते.

निवृत्तिवेतनाचा विषय निघाला म्हणून एक गोष्ट स्पष्ट करतो. ‘समान हुद्दा, समान निवृत्तिवेतन’ हा गेल्या काही दशकांतील माजी सैनिकांचा सर्वांत गाजलेला लढा. एकाच हुद्द्यावर, सारखीच वर्षे सेवा करून निवृत्त झालेल्या दोघांना केवळ निवृत्तीची तारीख वेगळी म्हणून वेगळी रक्कम मिळू नये, ही मागणी न्याय्यच होती. तिची घोषणा ५ सप्टेंबर २०१५ रोजी झाली ती संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांच्या मुखातून, याचा गोमंतकीयांना अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. १ जुलै २०१४ पासून ती लागू झाली आणि दर पाच वर्षांनी फेरआखणी करण्याचे ठरले. तपशिलाविषयी तक्रारी राहिल्या, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, २०२२ मध्ये न्यायालयाने सरकारचे धोरण उचलून धरले. परंतु या लढ्याच्या गजरात एक वर्ग कोणाच्या ध्यानीमनीही राहिला नाही. तो म्हणजे ज्याला निवृत्तिवेतनच नाही असा सैनिक. जवानाला निवृत्तिवेतनासाठी पंधरा वर्षांची सेवा लागते. घरच्या अडचणीने कोणी त्याआधीच परतला, त्याच्या हाती निवृत्तिवेतन पडत नाही. वर सांगितलेले आठ हजारांचे साहाय्य अशांसाठीच आहे. आणि ज्यांना ते मिळू शकते त्यांनाच ते ठाऊक नसण्याचा संभव सर्वाधिक आहे. कारण निवृत्तिवेतनधारकाचा निदान बँकेशी व संघटनेशी संबंध उरतो. याचा कोणाशीच उरत नाही.

आरोग्याचे सांगायचे तर २००३ पासून माजी सैनिकांसाठी अंशदायी आरोग्य योजना आहे. एकदाच वर्गणी भरायची आणि पती-पत्नी, अवलंबून असलेली मुले व आईवडील यांनी पॉलिक्लिनिकमध्ये औषधोपचार घ्यायचा, मोठ्या दुखण्यासाठी मान्यताप्राप्त खासगी रुग्णालयात जायचे, अशी तिची रचना. कल्पना उत्तम आहे. १९९६ पूर्वी निवृत्त झालेल्यांना वर्गणीही माफ आहे. पण पॉलिक्लिनिक असते शहराजवळ, आणि मधुमेहाच्या गोळ्यांसाठी काणकोणच्या म्हाताऱ्याने सत्तर किलोमीटर कदंब बसने पणजी गाठायची, तेथे औषध संपले असेल तर हात हलवीत परतायचे, हा अनुभव दोनदा आला की तिसऱ्यांदा तो गावच्या दुकानातून खिशातल्या पैशाने गोळ्या घेतो. खासगी रुग्णालयांची बिले महिनोन्‌महिने थकतात आणि मग ती रुग्णालये या कार्डाकडे तोंड वाकडे करून पाहतात, ही तक्रार देशभर आहे. बिलाची जबाबदारी केंद्राची असली तरी रुग्ण गोव्याचा आहे, हे राज्य सरकारने विसरू नये.

नोकरीच्या प्रश्नाला आम्ही थोडे अधिक महत्त्व देतो, कारण सैनिकाच्या निवृत्तीचे वय हे इतरांच्या भरभराटीचे वय असते. सदतीस-अडतीसाव्या वर्षी तो घरी येतो. मुले प्राथमिक शाळेत, घराचे छप्पर दुरुस्तीला आलेले, भाऊ वाटणी मागत असलेला. देशभरात दरवर्षी सुमारे साठ हजार जवान असे बाहेर पडतात. केंद्राच्या क वर्गात १० टक्के, राष्ट्रीयीकृत बँकांत व सार्वजनिक उद्योगांत क वर्गात साडेचौदा टक्के जागा त्यांच्यासाठी राखीव आहेत. पंधरा वर्षांची सेवा झालेल्या मॅट्रिक सैनिकाला क वर्गाच्या पदांसाठी पदवीधराच्या बरोबरीने धरले जाते. कागद पुन्हा एकदा भरभक्कम आहे. प्रत्यक्षात तो सापडतो पर्वरीच्या एखाद्या गृहसंकुलाच्या फाटकावर किंवा हॉटेलच्या दारात, शिट्टी घेऊन मोटारींना वाट दाखवताना. पहारेकऱ्याच्या कामात कमीपणा नाही. पण ज्याने वीस वर्षे रडार सांभाळले, बिनतारी यंत्रे दुरुस्त केली, जहाजाचे इंजिन खोलून पुन्हा बसवले, त्याला केवळ फाटकच दाखवावे, आणि वेर्ण्याच्या कारखान्यांनी कुशल कामगार मिळत नाहीत म्हणून बाहेरून माणसे आणावीत, या दोन गोष्टी एकाच वेळी घडत असतील तर कोणाचा तरी हिशेब चुकतो आहे. राज्याच्या नोकरीसाठी रहिवासाची अट लावताना सेवेनिमित्त बाहेर गेलेली वर्षे रहिवासातच धरली पाहिजेत आणि त्याविषयी कोणत्याही कचेरीत संदिग्धता उरू नये, हेही येथेच सांगून ठेवतो.

हा प्रश्न आता आणखी बिकट होणार आहे. २०२२ साली अग्निपथ योजना आली. चार वर्षांनी चौघांतील एकालाच कायम सेवेत घेतले जाते. उरलेले तिघे व्याजासह सुमारे पावणेबारा लाख रुपये घेऊन पंचविशीच्या आत-बाहेर घरी येतात. त्यांना निवृत्तिवेतन नाही, आरोग्य योजना नाही, माजी सैनिक हा दर्जाही नाही. २०२२ च्या अखेरीस भरती झालेल्या पहिल्या तुकडीची चार वर्षे २०२६ च्या अखेरीस भरतात. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत त्यांच्यासाठी १० टक्के जागांची घोषणा त्याच वर्षी झाली होती. पण ज्याला पुन्हा घर सोडून जायचे नाही, त्याचे काय? राज्य सैनिक मंडळाच्या व्याख्येत तो बसत नाही. मग तो कोणाच्या दारात जाणार? योजनेच्या बाजूने व विरोधात पुष्कळ लिहिले गेले. परतलेल्या मुलाचा अर्ज कोणत्या टेबलावर ठेवायचा, एवढा साधा प्रश्न मात्र त्या वादात कोणी विचारला नाही. तो आताच सोडवून ठेवणे राज्याच्या हाती आहे.

गोव्याची एक अनुकूलता अशी की राज्य लहान आहे. राजस्थानात किंवा उत्तर प्रदेशात जे करायला दशक लागेल, ते येथे एका पावसाळ्यात होऊ शकते. आमची सूचना साधी आहे. महिन्यातील एक ठरलेला दिवस सैनिक कल्याण खात्याच्या अधिकाऱ्याने बाराही तालुक्यांत आळीपाळीने मामलेदार कचेरीत बसावे. त्याच्यासोबत संगणक चालवणारा एक माणूस आणि सिव्हिल रजिस्ट्रारच्या कचेरीतील एक कारकून असावा, म्हणजे नावातील तफावत तेथल्या तेथे पाहता येईल. प्रत्येक पंचायतीने आपल्या हद्दीतील माजी सैनिक, विधवा व निवृत्तिवेतन नसलेले सैनिक यांची यादी करून ती खात्याकडे पाठवावी. तलाठ्याला हे काम एका आठवड्याचेही नाही. निवृत्त दर्यावर्दींसाठी या राज्याने निवृत्तिवेतनाची योजना काढली. ती काढण्याइतकी कल्पकता जेथे होती, तेथे हे अवघड जाऊ नये. जे माजी सैनिक स्वतः लिहू-वाचू शकतात, संगणक जाणतात, त्यांनीही आपापल्या तालुक्यातील दोन-चार घरे वाटून घ्यावीत. विशेषतः पत्नीचे नाव व जन्मतारीख सेनेच्या दप्तरी बरोबर आहे की नाही, हे प्रत्येकाने आपण हयात असतानाच तपासून घ्यावे.

तालुक्यांतील या बैठकांच्या तारखा सरकारने ठरवून कळवाव्यात. त्या या पत्रात दरमहा विनामूल्य छापण्यास आम्ही तयार आहोत.