नाताळचा सण आणि मनावरचे ओझे

आगमनकाळाचा पहिला रविवार उलटला की वसईतील गावागावांत घरांवर तारे लागतात, गोठ्यासाठी गवत व माती गोळा होते आणि नाताळ गीतांच्या सरावाचे आवाज रात्री उशिरापर्यंत ऐकू येतात. अशा वेळी गल्लीतील एखाद्या घरावर तारा दिसत नाही. त्या घरातून ह्या वर्षी कोणी तरी कायमचे निघून गेलेले असते, हे सर्वांना ठाऊक असते. परंतु त्याच गल्लीत अशीही घरे असतात की जिथे तारा आहे, दिवे आहेत, फराळाचे डबेही भरलेले आहेत आणि तरीही आतील माणसाचे मन कशातच रमत नाही. आज ह्या दुसऱ्या प्रकारच्या घरांविषयी विशेषेकरून लिहावयाचे आहे, कारण तिथले दुःख बाहेरून दिसत नाही.

नाताळच्या दिवसांत आत्महत्या वाढतात, असे दरवर्षी कुठे ना कुठे छापून येते. अमेरिकेतील नोंदी ह्या समजाला दुजोरा देत नाहीत. तिथे डिसेंबर हा वर्षातील सर्वांत कमी आत्महत्यांच्या महिन्यांपैकी एक ठरत आला आहे. २०२४ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ ह्या वैद्यकीय नियतकालिकात २६ देश व प्रदेशांतील १९७१ ते २०१९ ह्या काळातील नोंदींचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. नाताळच्या दिवसाबाबत त्यात संमिश्र चित्र आढळले: उत्तर अमेरिका व युरोपातील अनेक देशांत धोका काहीसा कमी, तर मध्य व दक्षिण अमेरिकेत वाढलेला. पण बहुतेक देशांत १ जानेवारीला, तसेच आठवड्याच्या वारांपैकी सोमवारी, हा धोका अधिक असल्याचे दिसून आले.

दुसऱ्यांचे आकडे आपल्याला जसेच्या तसे लावता येणार नाहीत. तरीही त्यांतून एक विचार करण्याजोगी गोष्ट पुढे येते. गर्दी, पाहुणे आणि कामाची धांदल माणसाला काही काळ सावरून धरतात. ती ओसरल्यावर, नव्या वर्षाकडून बाळगलेली अपेक्षा आणि रोजचे जुने वास्तव समोरासमोर आले म्हणजे, खरा कठीण काळ सुरू होत असावा.

पाश्चात्त्य देशांत ह्या खिन्नतेचे एक कारण सूर्यप्रकाशाचा अभाव हे सांगितले जाते. लंडनमध्ये डिसेंबरच्या अखेरीस दिवस आठ तासांपेक्षाही लहान असतो. आपल्याकडे त्याच वेळी सुमारे अकरा तास लख्ख ऊन असते, आणि वसईची हवा वर्षभरात याहून अधिक सुखद क्वचितच असते. म्हणून परदेशी मासिकांतील ‘हिवाळी औदासीन्य’ आपल्या माथी मारण्यात अर्थ नाही. आपली कारणे आपल्या घरांतच शोधावी लागतील.

पहिले कारण म्हणजे रिकामी झालेली घरे. मुलगा कॅनडात, मुलगी ऑस्ट्रेलियात, जावई आखातात; आणि पाच खोल्यांच्या बंगल्यात दोन वृद्ध जीव. आपल्याकडे मध्यरात्रीची मिस्सा सुरू होते तेव्हा टोरोंटोमध्ये दुपारचे दीड वाजलेले असतात आणि मुलगा कदाचित कामावर असतो. व्हिडिओ कॉलवर नातवंडे हात हलवतात, आजी हसून त्यांना केक दाखवते आणि फोन बंद झाल्यावर तो केक तसाच कपाटात जातो. तिकडच्या मुलाचे दुःखही काही कमी नसते. शिक्षणासाठी काढलेले कर्ज, अनिश्चित नोकरी आणि भाड्याची खोली ह्यांविषयी तो घरी बोलत नाही. गावाकडे त्याच्या यशाची वार्ता आधीच पोहोचलेली असते.

दुसरे कारण पैशाचे. आगमनकाळ संपला की लग्नसराई सुरू होते. नाताळचे कपडे, रोषणाई, पाहुणचार आणि पाठोपाठ लग्नाचा हॉल, बँड व जेवणावळी ह्यांचा भार एकाच कुटुंबावर एकाच महिन्यात पडतो. कर्ज काढून केलेला थाट पाहुण्यांच्या लक्षात आठवडाभर राहतो; हप्ते मात्र कित्येक वर्षे फेडावे लागतात. त्यात जमिनीच्या वाटणीवरून अबोला धरलेले भाऊ एकाच बाकावर बसून शांतीची गीते ऐकतात. मद्य ह्या सर्वांवर तात्पुरता पडदा टाकते. दारूने मन हलके होते हा भ्रम आहे. ती मेंदूला मंदावते, झोप बिघडवते आणि खिन्नता वाढवते. (सणाच्या चार दिवसांत स्वयंपाकघराबाहेर न पडलेल्या गृहिणीचा ताण तर आपण ताण म्हणून मोजतच नाही.)

मग अशा माणसाला आपण काय सांगतो? “अधिक प्रार्थना कर, सर्व ठीक होईल.” प्रार्थनेचे सामर्थ्य नाकारण्याचा प्रश्नच नाही. परंतु मधुमेह झालेल्याला आपण केवळ प्रार्थना सांगून घरी बसवत नाही. ख्रिस्तसभेची स्वतःची दृष्टीही काळानुसार अधिक करुणामय झाली आहे. १९१७ च्या धर्मसंहितेत जाणूनबुजून आत्महत्या करणाऱ्यास धार्मिक अंत्यविधी नाकारला जात असे. १९८३ च्या संहितेत नकाराच्या त्या यादीतून आत्महत्या वगळण्यात आली. तीव्र मानसिक विकार किंवा यातना माणसाची जबाबदारी कमी करू शकतात, आणि अशा व्यक्तीच्या तारणाविषयी आपण निराश होऊ नये, असे कॅथलिक श्रद्धाग्रंथ शिकवतो. पोप फ्रान्सिस ह्यांनी तर २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संवादग्रंथात उघडपणे सांगितले होते की, वयाच्या ४२ व्या वर्षी ते सहा महिने दर आठवड्याला एका मनोविश्लेषक स्त्रीकडे जात होते. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये नैराश्याने ग्रासलेल्यांसाठी प्रार्थना करण्याचे आवाहनही त्यांनी केले होते. परमगुरूंना ज्याची लाज वाटली नाही, त्याची आपल्या कुटुंबांना का वाटावी?

उपासनेचे वर्षही दुःख लपवीत नाही. नाताळच्या दुसऱ्याच दिवशी आपण संत स्तेफन ह्यांचे हौतात्म्य स्मरतो आणि २८ डिसेंबरला हेरोदाने मारलेल्या बेथलेहेमच्या बालकांचे. संत मत्तयने येशूच्या जन्मकथेतच, सांत्वन नाकारून रडणाऱ्या राहेलला जागा दिली आहे. पाश्चात्त्य देशांतील अनेक चर्चमध्ये २१ डिसेंबरच्या सुमारास, वर्षातील सर्वांत मोठ्या रात्री, शोकाकुलांसाठी वेगळी उपासना होते. ती जशीच्या तशी उचलण्याची गरज नाही. २८ डिसेंबरच्या सायंकाळी वर्षभरातील मृतांच्या कुटुंबीयांसाठी साधी मिस्सा प्रत्येक धर्मग्रामात ठेवता येईल. मिस्सेनंतर भाषण नको, फक्त चहा असावा. गोव्यात दुखवट्याच्या घरी नाताळची मिठाई करीत नाहीत, म्हणून शेजारी आपल्या ‘कोन्सुआद’चे ताट तिथे पाठवतात. ह्या प्रथेत शहाणपण आहे: दुःखी माणसाला आनंदी होण्याचा आग्रह नाही आणि त्याला वगळणेही नाही.

शोक आणि आजार ह्यांतला फरक मात्र ओळखला पाहिजे. शोक लाटांसारखा येतो. मधून मधून माणूस जेवतो, बोलतो, एखाद्या आठवणीने हसतोही. दोन आठवडे किंवा अधिक काळ जवळजवळ दररोज मन उदास राहणे, कशातच रस न वाटणे, झोप व भूक हरपणे, आपण निरुपयोगी आहोत असे वाटणे ही वैद्यकीय उपचारांची गरज दाखवणारी लक्षणे होत. जगण्यात अर्थ नाही, असे कोणी बोलले तर मात्र दोन आठवडेही थांबू नये. त्याला सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार त्याच्या मनात रुजत नाही, उलट बोलण्याची वाट मोकळी होते.

कायदाही आता अशा माणसाच्या बाजूने आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरले जाते आणि तिची काळजी घेण्याची जबाबदारी शासनावर येते. केंद्र सरकारने २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनीसेवा सुरू केली. तिचा क्रमांक १४४१६ असून ती चोवीस तास, विनामूल्य आणि मराठीतही उपलब्ध आहे. धर्मग्रामाच्या पत्रकात नाताळच्या मिस्सांचे वेळापत्रक दरवर्षी छापले जाते. त्याच पानावर हा क्रमांक देता येईल. त्याला एका ओळीची जागा लागेल.