शुभ बोल रे नाऱ्या!

भाचीच्या डोहाळजेवणात झाकलेल्या वाटीखालून पेढा निघाला आणि टाळ्या पडल्या. त्या गलक्यात मी जावईबापूंना हळूच विचारलं, "मृत्युपत्र केलंत का?" ताईने नेमकं ऐकलं. "शुभ बोल रे नाऱ्या! आज हे विषय काढतात?"

घरोघरी हाच आक्षेप असतो. पण जावईबापूंनी गेल्याच महिन्यात टर्म इन्शुरन्स काढला, तेव्हा कुणी मीठमोहऱ्या उतरवल्या नाहीत. हप्ता भरताना मरण चालतं. मग कागदावर दोन ओळी लिहिताना ते का चावतं?

दुसरा आक्षेप शहाण्यांचा: "कायदा आहेच की!" आहे. हिंदू वारसा कायदा, १९५६ चं कलम २० सांगतं, की बाप गेला तेव्हा पोटात असलेलं मूल पुढे जिवंत जन्मलं, तर त्याला इतर मुलांइतकाच हक्क. पण पुढचं वाचा. फ्लॅट नवऱ्याच्या कमाईचा, त्याच्या एकट्याच्या नावावर आणि मृत्युपत्र नाही. तर बायको, बाळ आणि नवऱ्याची आई यांचा एकेक तृतीयांश. उद्या सुनेला तो विकून माहेराजवळ राहायचं झालं, तर सासूची सही हवी आणि बाळाच्या हिश्शासाठी कोर्टाची परवानगी. म्हणजे स्वतःच्याच लेकराच्या भल्यासाठी आईने कोर्टाची पायरी चढायची.

तिसरा आक्षेप: "नॉमिनी लावलाय." शेअरचा नॉमिनी मालक ठरत नाही, वारसांचा हक्क शाबूत राहतो, असं सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा बजावलं. शिवाय लग्नाआधी कुणी भावाच्या नावे मृत्युपत्र केलं असेल, तर हिंदूंच्या बाबतीत ते लग्नाने रद्द होत नाही, बाळाच्या जन्मानेही नाही. ते स्वतःच बदलावं लागतं.

आता इतिहास बघा. ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला, तेव्हा त्यांच्या पत्नी गंगाबाई गरोदर होत्या. १८ एप्रिल १७७४ ला पुरंदरावर सवाई माधवराव जन्मले. बाळाचा हक्क होताच. पण पेशवेपद बळकावणाऱ्या राघोबादादांपुढे तो टिकला तो नाना फडणवीस, सखारामबापू अशा कारभाऱ्यांच्या गटामुळे, म्हणजे बारभाईंमुळे. हक्क कायदा देतो. बारभाई आपले आपण नेमायचे असतात.

मृत्युपत्र म्हणजे ती नेमणूक. त्याला साधा कागद चालतो, स्टँप लागत नाही, नोंदणी ऐच्छिक आहे. सही दोन साक्षीदारांदेखत करावी. साक्षीदार वाटेकरी नसलेले बरे. बाळाच्या नावासाठी बारशापर्यंत थांबायचं कारण नाही: "माझी हयात व पुढे जन्मणारी अपत्ये" एवढं लिहिलं, की पोटातलं बाळही त्यात आलं. आई हयात असेपर्यंत बापाने नेमलेल्या पालकाला अधिकार नसतो. पण दोघंही गेले तर? म्हणून दोघांनी आपापल्या मृत्युपत्रात पालकाचं एकच नाव लिहावं. त्या नावावरून भांडण होईल. होऊ द्या. भांडणारे दोघेही समोर असताना ते मिटतं.

वाट्या आवरता आवरता ताई जवळ आली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "पालक म्हणून त्यांच्या आईचं नाव घालतायत की माझं? जरा विचार ना."