टायर आणि तवक्कुल

ईदला गावी जाण्याआधी गाडीचे टायर बदलायला गेलो. दुकानदाराने स्वस्तातली जोडी पुढे केली. कडेवरचे चार आकडे वाचले: २३१९. म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. वर्षानुवर्षे पडून रबर कडक होते. मग ना आराम, ना टिकाऊपणा. ती नाकारली. कंपनीने सांगितलेल्या मापाचीच ताजी जोडी घेतली. बुटक्या कडेचे रुंद टायर दिसतात झोकात, पण खड्ड्याचा दणका थेट कमरेत बसतो.

आपण सीट कव्हरवर हौसेने खर्च करतो आणि टायरवर कंजुषी. नक्षी १.६ मिलिमीटरपर्यंत झिजली की टायर कायद्यानेही बाद. ‘अल्लाह मालिक है’ म्हणत अशा टायरवर मुलाबाळांना बसवणे म्हणजे तवक्कुल नव्हे. आधी उंट बांधायचा, मग भरवसा ठेवायचा.