आशेची पेटी आणि तिचं कुलूप

‘होप चेस्ट’ म्हणजे काय, असं विंगमध्ये विचारलं तर एकीने जिममधला व्यायाम सांगितला, दुसरीने हॉस्पिटलचं नाव. तिसरी म्हणाली, पोर्शन बाहेरचं असेल, ऑप्शनला टाक! मला हा शब्द कॉन्व्हेंटच्या लायब्ररीतल्या इंग्लिश गोष्टींच्या पुस्तकांमुळे माहीत होता. (त्याच कॉन्व्हेंटमुळे माझं मराठी थोडं खिचडी आहे, संपादक मंडळाने सांभाळून घ्यावं.) तर होप चेस्ट म्हणजे लाकडाची मोठी पेटी. लग्नाच्या आधीपासून मुलीने तिच्यात चादरी, टेबलक्लॉथ, स्वतः शिवलेली क्विल्ट, भांडी असं एकेक साठवायचं आणि लग्न झालं की पेटीसकट नव्या घरी जायचं. आपल्याकडचं रुखवत चार लोकांत मांडतात, हे झाकण लावून ठेवायचं, एवढाच काय तो फरक.

पद्धत युरोपातली. पंधराव्या शतकात फ्लॉरेन्सचे श्रीमंत लोक लग्नासाठी चित्रं रंगवलेल्या पेट्या करून घेत. जर्मन भाषिक लोक पेनसिल्व्हेनियात स्थायिक झाले तेव्हा त्यांच्याकडेही फुलं-पक्षी रंगवलेल्या पेट्या होत्या. पण आज अमेरिकेत लोक ज्या ‘व्हिंटेज सीडर चेस्ट’च्या प्रेमात पडतात त्या बहुतेक विसाव्या शतकातल्या, कारखान्यात बनलेल्या. आणि त्यातलं सगळ्यात मोठं नाव म्हणजे लेन.

१९१२ साली जॉन एडवर्ड लेन यांनी व्हर्जिनिया राज्यातल्या अल्टाविस्टा नावाच्या छोट्या गावात खोकी बनवणारा एक बुडालेला कारखाना विकत घेतला. तो चालवायची जबाबदारी मुलावर, एडवर्डवर आली. पहिल्या महायुद्धात या कारखान्याने दारूगोळ्याची खोकी बनवली आणि त्यात असेंब्ली लाइनचं तंत्र हाताशी आलं. युद्ध संपल्यावर तेच तंत्र सीडरच्या पेट्यांना लावलं. सुताराच्या हातची वस्तू लाइनवरून येऊ लागली आणि मध्यमवर्गाला परवडू लागली.

मार्केटिंग तर असं की आपल्या एम.बी.ए. करायला निघालेल्या सीनियर्सनी नोट्स काढाव्यात. हायस्कूल पास होणाऱ्या मुलींना गावच्या फर्निचरच्या दुकानातून एक छोटीशी, खेळण्याएवढी सीडरची पेटी फुकट मिळायची, चावीसकट. मोठी पेटी घ्यायला मग वडील येणारच! दुसऱ्या महायुद्धात सैनिकांनी मागे राहिलेल्या मैत्रिणीला पेटी भेट द्यावी अशा जाहिराती झाल्या आणि त्यांत शर्ली टेम्पलसुद्धा झळकली. कपड्यांना कसर लागली तर भरपाई म्हणून पेटीबरोबर विम्याचा कागदही मिळायचा. आशा फक्त मुलींनीच का साठवायची, मुलांना पेटी का नाही, हा प्रश्न मात्र या जाहिरातींनी कधी विचारला नाही. त्यावर वेगळा लेख होईल. असो.

आता लाकडाकडे येऊ, कारण खरी गंमत तिथे आहे. डिक्शनरीत ‘सीडर’ बघितलं तर देवदार सापडतो. हिमालयातला देवदार हा खरा सीडर. अमेरिकेतला ‘ईस्टर्न रेड सीडर’ मुळात सीडरच नाही. तो जुनिपर आहे, शास्त्रीय नाव जुनिपेरस व्हर्जिनियाना. गाभा लालसर-जांभळा, कडेचं लाकूड सायीसारखं फिकट, मध्ये भरपूर गाठी. आणि वास? विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत चांगल्या पेन्सिली याच लाकडाच्या असायच्या. पेन्सिलीला टोक काढताना येणारा जो वास, तोच घ्या आणि चार फूट लांब करा.

हा वास म्हणजे लाकडातलं उडून जाणारं तेल. कसरीच्या बारीक अळ्यांना ते मारक ठरतं, पण अंडी आणि मोठ्या अळ्यांवर त्याचा फारसा भरवसा नाही. म्हणून कपडे आधी स्वच्छ धुऊन, पूर्ण वाळवून मगच आत ठेवायचे. वर्षं गेली की लाकडाचा वरचा थर सुकतो आणि वास मंदावतो. तेव्हा आतून बारीक पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरवायचा, वास परत येतो. आतल्या बाजूला व्हार्निश मात्र कधीच मारायचं नाही. एकतर वास कोंडतो आणि वर तेलाच्या वाफेने व्हार्निश चिकट होऊन बसतं. कपड्यांवर तेलाचे पिवळे डाग पडू नयेत म्हणून लाकूड आणि कापड यांच्यामध्ये धुतलेली मलमल घालायची. एवढं केलं की पेटी नातीपर्यंत टिकते. आणि माझा मुद्दा नेमका इथून सुरू होतो.

वास टिकवायचा तर झाकण घट्ट बसायला हवं. झाकण घट्ट बसलं की हवा आत-बाहेर जात नाही. आता यात एक कुलूप मिळवा. जुन्या लेन पेट्यांना खटक्याचं कुलूप होतं. झाकण पडलं की खटका आपोआप बसणार, चावी फिरवायची गरज नाही. उघडायचं तर बाहेरच्या बाजूचं बटण दाबायचं. आतून उघडायची सोय नाही. वस्तू म्हणून किती सुबक! आणि लपाछपी खेळणाऱ्या पोराच्या नजरेने बघा. आत मऊ गोधड्या, छान वास, कोणाला सापडणार नाही अशी जागा.

पेटी चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच धरा. नऊ घनफूट, म्हणजे साधारण अडीचशे लिटर. होस्टेलच्या गच्चीवरच्या हजार लिटरच्या टाकीचा पाव भाग. त्यातही निम्म्या गोधड्या. आणि जाड लाकडातून हाक नीट बाहेर येत नाही.

हे नुसतं माझं गणित नाही. लहान मुलं अशा पेट्यांत गुदमरून गेल्यानंतर १९९६ साली अमेरिकेच्या ग्राहकवस्तू सुरक्षा आयोगाने आणि कंपनीने मिळून कुलपं बदलून द्यायची जाहीर सूचना काढली. १९१२ ते १९८७ या काळातल्या सुमारे १ कोटी २० लाख पेट्या तिच्यात येत होत्या. नवीन कुलूप फुकट. तीच सूचना २००० साली पुन्हा काढावी लागली. जानेवारी २०१४ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या फ्रँकलिन गावात सात आणि आठ वर्षांची बहीण-भाऊ अशाच पेटीत गेली. ती पेटी जवळजवळ पाऊणशे वर्षं जुनी होती. २०१५ साली सूचना परत एकदा काढली गेली.

फुकट कुलूप, सरकारी सूचना, तरी ते घराघरांत पोचत का नाही? मला याचं उत्तर पेटीच्या गुणांतच दिसतं. ती मोडत नाही. आजीची आईकडे, आईची मुलीकडे, नाहीतर घर रिकामं करताना सेलमध्ये तिसऱ्याच माणसाकडे जाते. सूचना वाचणारी आजी केव्हाच गेलेली असते. चावी हरवते, कागद हरवतात, कंपनीने अल्टाविस्टाचा कारखाना २००१ साली बंद केला, पण खटका आपला तेलपाणी केल्यासारखा चालतोच. एखादी वस्तू वाईट बनली की ती मोडते आणि धोका तिच्याबरोबर भंगारात जातो. चांगली बनली की तिच्यातली एकमेव चूकसुद्धा तितकीच टिकते!

आणि हे आधी कोणाला सुचलं नव्हतं असं म्हणायची सोय नाही. जुन्या फ्रिजच्या दारालाही असाच बाहेरचा लॅच असायचा आणि टाकून दिलेल्या फ्रिजमध्ये मुलं अडकायची. म्हणून अमेरिकेत १९५६ साली कायदा झाला आणि १९५८ च्या अखेरीपासून नवीन फ्रिजचं दार आतून ढकलल्यावर उघडलंच पाहिजे, अशी सक्ती झाली. आपल्या मेसच्या फ्रिजचं दार चुंबकाच्या गॅस्केटवर बसतं. या अशा दाराला आतूनही धक्का देता येतो. फ्रिजने १९५८ मध्ये जे शिकलं ते पेटीने शिकायला १९८७ उजाडलं. मध्ये एकोणतीस वर्षं. मेकॅनिकलवाल्यांनो, ‘फेल-सेफ’ची व्याख्या व्हायवाला घडाघडा म्हणता ना? त्या व्याख्येची किंमत ही आहे.

आता यात माझा काय संबंध? माझी मावशी न्यू जर्सीला असते. तिने अशाच एका सेलमधून लेनची पेटी आणली. बाहेरून अक्रोडाचा पातळ पापुद्रा, आत लाल सीडर. पैठण्या आणि आजीने शिवलेल्या दोन गोधड्या आता तिच्यात राहतात. तिने मला पेटीवरच्या नंबरचा फोटो पाठवला: २५६११०. लेनच्या पेट्यांचा नंबर उलटा वाचायचा असतो. ०११६५२, म्हणजे पहिला महिना, सोळा तारीख, साल बावन्न. १६ जानेवारी १९५२! घरात सगळ्यांना केवढा आनंद झाला. मी गणित केलं, १९५२ म्हणजे १९८७ च्या आधी, आणि विचारलं, “मावशी, कुलूप बदललेलं आहे का गं?” बदललेलं नव्हतं. माझा मावसभाऊ सहा वर्षांचा आहे.

काकांचं म्हणणं पडलं की पीस ओरिजिनल आहे, कुलूप काढलं तर व्हॅल्यू जाईल. जुन्या वस्तू जमवणाऱ्या अनेकांचं हेच म्हणणं असतं आणि ते अगदीच टाकाऊ नाही. जुनी बिजागरी, जुना खटका, जुनं पॉलिश हे सगळं मिळून त्या काळाचा पुरावा असतो. उठसूट पार्ट बदलत गेलं तर उरेल ती नुसती नवी पेटी. हे मला मान्य आहे. पण मग पुरावा पाकिटात ठेवा ना! खटका स्क्रूने बसवलेला असतो. स्क्रूड्रायव्हर घ्या, तो काढा, स्क्रूसकट पाकिटात घाला, वर तारीख लिहा आणि पाकीट पेटीच्याच तळाशी ठेवा. ज्याला कोणाला म्युझियम करायचं असेल तो पुढे बसवेल. पेटीचा वास, लाकूड, सांधे, बावन्न सालचा नंबर, काहीच जात नाही. जाते फक्त ती एक गोष्ट, जी असण्याचं कारण नव्हतं. मावशीने त्याच संध्याकाळी खटका काढला. काका दोन दिवस गप्प होते म्हणे.

कोणी म्हणेल, मुलांवर लक्ष ठेवायचं, पेटीला कशाला दोष? चोवीस तास लक्ष ठेवणारी आई अजून कोणी डिझाइन केलेली नाही. माणूस चुकणार हे धरूनच वस्तू बनवायची असते, हे आपल्याला पहिल्या वर्षापासून शिकवतात. वर्कशॉपमध्ये सर ओरडतात ते उगाच नाही.

हे सगळं आपल्या मॅगझिनमध्ये कशाला, असं वाटत असेल तर फायनल इयरकडे बघा. जी.आर.ई. देऊन तिकडे गेलेले आपले सीनियर्स पहिलं घर कसं लावतात? सेकंडहँड सोफा, फुटपाथवरून उचललेलं टेबल, कोणाच्या तरी सेलमधली पेटी. तुमच्यापैकी कोणाच्या तरी खोलीत उद्या अशी पेटी कॉफी टेबल म्हणून येईल. जरूर आणा, सुंदर असते. झाकण उघडून एकदा खोल श्वास घ्या. नंबर उलटा वाचा. आणि पहिल्याच दिवशी, कपडे भरायच्या आधी, खटका काढा. पुढे ती विकलीत तरी खटका काढूनच विका, कारण घेणाऱ्याच्या घरात किती वर्षांची मुलं आहेत हे तुम्हाला माहीत नसतं.

जुनी वस्तू विकत घेतली की तिचा इतिहास आपल्या नावावर होतो असं आपण मोठ्या अभिमानाने सांगतो. तिच्यातली चूकही मग आपल्याच नावावर होते. १९५२ साली ती पेटी बनवणारे बहुतेक आता नसतील. दुरुस्त करणारं कोणी उरलं असेल तर ते आपणच, आणि त्याला डिग्री लागत नाही, स्क्रूड्रायव्हर लागतो.