शेवटचा दिवस दुकानांना देऊ नका

लंडनला सहलीला जाणाऱ्या मराठी कुटुंबांना एक कळकळीची विनंती आहे. सहलीचा शेवटचा दिवस ऑक्सफर्ड स्ट्रीटच्या दुकानांत घालवू नका.

त्या दिवशी काय होतं, हे बहुतेकांना ठाऊक आहे. सकाळपासून हातात यादी असते. मावशीची पर्स, भाच्यांची चॉकलेटं, ऑफिसातल्यांसाठी काहीतरी. मग कुणाचं राहिलं यावरून धुसफूस, बॅगेचं वजन, पुन्हा उपसणं, पुन्हा भरणं. विमानात बसतो तेव्हा अंगात थकवा तेवढा उरलेला असतो.

आधी पैशांचं बोलू. ब्रिटनमध्ये बहुतेक वस्तूंच्या किमतीत २० टक्के व्हॅट असतो. पूर्वी परदेशी पर्यटकांना तो परत मागता यायचा. लंडनच्या दुकानातून घेऊन सामानात आणलेल्या वस्तूंसाठी ती सोय १ जानेवारी २०२१ पासून बंद झाली. म्हणून ‘तिकडे स्वस्त मिळतं’ हे घेण्याआधी पडताळून पाहा. उलट ब्रिटिश म्युझियम आणि नॅशनल गॅलरीच्या कायमच्या दालनांना आजही तिकीट लागत नाही.

पैशांहून मोठी गोष्ट वेगळीच आहे. पहिले दिवस आपण नकाशात डोकं घालून चालतो. भुयारी रेल्वेची कुठली लाईन धरायची, सरकत्या जिन्यावर कुठल्या बाजूला उभं राहायचं, हे कळायलाच वेळ जातो. शेवटच्या दिवशी मात्र पाय आपोआप वळतात. शहर नुकतं कुठे ओळखीचं झालेलं असतं. म्हणून हा दिवस एकाच ठिकाणाला द्या आणि तिथे सावकाश हिंडा.

माझं सुचवणं असं: नॉर्दर्न लाईनने चॉक फार्मला उतरा आणि चालत किंग हेन्रीज रोडवरच्या १० क्रमांकाच्या घरी जा. १९२१-२२ मध्ये बाबासाहेब आंबेडकर इथे राहत होते. १९१६ मध्ये ते लंडनला शिकायला आले, पण शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने पुढच्याच वर्षी त्यांना परतावं लागलं. मुंबईत सिडनहॅम कॉलेजात शिकवून, पैशांची जुळवाजुळव करून १९२० मध्ये ते पुन्हा आले आणि अर्धवट राहिलेलं शिक्षण पुरं केलं. महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये हे घर विकत घेतलं. आता ते स्मारक आहे. उघडण्याच्या वेळा आधी पाहून घ्या. मुलं बरोबर असतील तर ही हकिकत त्यांना तिथेच सांगा. जवळच प्रिमरोज हिल आहे. टेकडीवरून सगळं लंडन दिसतं. तिथे बसून प्रत्येकाने या सहलीत काय पाहिलं, काय आवडलं, ते बोलावं. घरी परतल्यावर असा निवांतपणा मिळत नाही.

यासाठी थोडी तयारी लागते. खरेदी दोन दिवस आधी उरका. बॅगा आदल्या रात्रीच भरा. खोली सोडल्यावर सामान तिथेच ठेवता येईल का, हे हॉटेलात विचारून ठेवा. विमानतळावर तीन तास आधी पोचायचंय, हे धरूनच बेत आखा.

आणि इथे राहणाऱ्यांनाही सांगणं आहे. परदेशी निघालेल्या माणसाच्या हातात यादी देऊ नका. ‘काय पाहिलंस ते येऊन निवांत सांग,’ एवढंच मागा, आणि तो आला की खरोखर ऐकायला बसा.