जयगाव म्हटलं तर बिघडलं कुठं?

जळगाव स्टेशनवर पाच मिनिटं उभे राहा. हिंदी अनाउन्समेंटमध्ये गावाचं नाव येतं 'जलगाव'. मराठीत 'जळगाव'. आणि बाकावर गाठोडं धरून बसलेली आजी नातवाला सांगते, "जयगाव उनं रे!" पहिला उच्चार आपण हिंदी म्हणून सोडून देतो. हसतो ते आजीला.

फर्स्ट इयरला वक्तृत्व स्पर्धेत बोलण्याच्या भरात माझ्या 'शाळे'ची 'शाया' झाली. हॉलमध्ये खसखस पिकली. परीक्षकांनी नंतर अगदी प्रेमानं सांगितलं, "मुद्दे छान होते, पण जीभ जड आहे तुझी." पुढची दोन वर्षं मी स्टेजवर चढलो नाही. जीभ जड असते म्हणजे नेमकं काय असतं, हे कळायला भाषाविज्ञानाचा पेपर यावा लागला.

एक प्रयोग करा. आत्ताच, कोणी बघत नसेल तर. 'ळ' म्हणायला जीभ लावा आणि तशीच धरून तोंडानं हवा आत ओढा. जिभेच्या दोन्ही कडांना गार लागेल. कारण 'ळ'ला जिभेचं टोक मागे वळून टाळूला टेकतं आणि हवा बाजूंनी जाते. म्हणून तो मूर्धन्य आणि पार्श्विक. आता 'य' धरून हवा ओढा. गारवा मधोमध. इथे जिभेचा मधला भाग टाळूजवळ जातो, पण टेकत नाही. म्हणून तो तालव्य. दोन्ही सघोष, दोन्हींत हवा कुठेही पूर्ण अडत नाही. म्हणजे हे दोघे तसे जवळचेच.

आता 'डोया' म्हणा. यातला 'ड'सुद्धा मूर्धन्यच की! जीभ तिथे झकास वळते. मग जड कुठून झाली? धुळ्याकडची अहिराणी असो की यावल-रावेरची लेवा बोली, डोळा-डोया, काळा-काया, केळी-केयी, हा बदल ठरलेला आहे. पाण्याचं 'पानी' होतं तेही असंच, 'ण'च्या जागी 'न'. ज्याला नियम असतो त्याला चूक म्हणत नाहीत.

आणि शुद्धतेचंच म्हणाल, तर 'ष' बघा. 'विषय', 'भाषा' यांतला 'ष'ही मूर्धन्य. आज प्रमाण मराठी बोलणारे बहुतेक जण तो 'श'च म्हणतात. त्यांनीही एक मूर्धन्य सोडून तालव्य घेतला, आम्हीही तेच केलं. त्यांना कोणी 'जीभ जड' म्हटल्याचं ऐकिवात नाही. तिकडे स्पॅनिशमध्ये कोंबडीच्या 'पोयो'त लिहितात दोन एल, पण बहुतेक ठिकाणी म्हणतात 'य'च. त्यावरून मेक्सिकोच्या पोराचे मार्क कापत असतील असं वाटत नाही.

ज्यांच्या नावाच्या विद्यापीठाची डिग्री आपण घेणार, त्या बहिणाबाईंचं मन 'वढाय' आहे. वढाय म्हणजे ओढाळ. त्यांना लिहिता येत नव्हतं. त्या म्हणत गेल्या, इतरांनी उतरवून घेतलं आणि १९५२ मध्ये पुस्तक आलं. तो 'य' कोणी दुरुस्त केला नाही, हे नशीब. पुस्तकात तोच 'य' वाचताना आपण माना डोलावतो. वर्गात मात्र कोणी उच्चारला की एकमेकांना कोपर मारतो. २०११च्या जनगणनेत खान्देशी मातृभाषा सांगणारे साडेअठरा लाख आहेत. एवढ्या सगळ्यांची जीभ जड?

बातम्या वाचायच्या तर 'ळ' शिकावा लागेल, मान्य. 'ल' म्हणता म्हणता जिभेचं टोक मागे वळवा, आठवडाभरात जमतो. मी शिकलोय. पण तो जास्तीचा आवाज म्हणून शिकलो, आजीचा आवाज पुसून नाही. घरी फोन केला की अजून 'शाया'च म्हणतो.

यंदाच्या स्पर्धेच्या गुणपत्रकात पुन्हा 'उच्चारशुद्धी : १० गुण' हा रकाना आहे. तो 'उच्चारस्पष्टता' करा, असा अर्ज आम्ही सात जणांनी दिलाय. स्पर्धा शनिवारी आहे. मी नाव दिलंय.