मानीव दिनांक, इथला आणि तिथला

जातीच्या दाखल्यांची कामे करणाऱ्या कर्जत-खालापूरच्या वकिलाला 6 सप्टेंबर 1950 ही तारीख झोपेतही आठवते. अनुसूचित जमातींचा हा मानीव दिनांक. त्या दिवशी बाप किंवा आजा आजच्या महाराष्ट्राच्या हद्दीत राहत होता, हे दाखवायचे. शिळफाट्याच्या आसपासच्या वाडीतला कातकरी हंगाम आला की वीटभट्टीवर जाणारा. आज्याचा कागद त्याने आणायचा कुठून?

पॅलेस्टिनी निर्वासितांचे घोडेही तारखांपाशीच अडले आहे. 1 जून 1946 ते 15 मे 1948 या काळात ज्याचे नेहमीचे वास्तव्य पॅलेस्टाइनमध्ये होते आणि 1948 च्या युद्धात ज्याचे घर व उपजीविका दोन्ही गेले, तो संयुक्त राष्ट्रांच्या ‘उनर्वा’ संस्थेच्या लेखी निर्वासित. ही नोंद पुरुषवंशाने पुढे चालते. तिच्यावर शाळा, दवाखाना मिळतो, नागरिकत्व नाही. ब्रिटिशांच्या 1925 च्या आदेशाने दिलेले पॅलेस्टिनी नागरिकत्व इस्रायलच्या 1952 च्या कायद्याने मोडीत काढले. नवे हवे तर राष्ट्रस्थापनेपासून कायदा लागू होईपर्यंत माणूस तिथेच असायला हवा होता, किंवा त्या मुदतीत रीतसर परतलेला. सीमेपलीकडच्या छावणीत अडकलेल्याने हे कसे जमवायचे?

कर्जत-खालापूरच्याच रायगडातले बेने इस्राएल ज्यू, म्हणजे गावकऱ्यांचे शनवार तेली, इस्रायलच्या 1950 च्या परतीच्या कायद्यामुळे तिथे नागरिक झाले. त्यांना वास्तव्याची कोणतीही तारीख सिद्ध करावी लागली नाही.

पॅलेस्टिनींना आश्रय देणाऱ्या देशांचेही एकमत नाही. जॉर्डनने 1954 च्या कायद्याने नागरिकत्व दिले आणि 31 जुलै 1988 रोजी पश्चिम किनाऱ्याशी संबंध तोडताना तिथल्या रहिवाशांचे काढून घेतले. सीरियाने 1956 मध्ये नोकरी-शिक्षणाची दारे उघडली, नागरिकत्व मात्र राखून ठेवले. लेबनॉनने तेवढेही केले नाही.

भारताने 1951 च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही. त्यामुळे इथल्या निर्वासितासाठी आपल्या वकिलाच्या हाती उरतो तो 1955 चा नागरिकत्व कायदा. त्याच्या कलम 3 नुसार 26 जानेवारी 1950 पासून 1 जुलै 1987 पूर्वीपर्यंत भारतात जन्मलेली व्यक्ती जन्मानेच नागरिक. याच आधारावर दिल्ली उच्च न्यायालयाने 2010 मध्ये नामग्याल डोलकर या तिबेटी महिलेला भारतीय ठरवले. जन्म 1986 चा, कांगड्यातला. गोंदिया जिल्ह्यातल्या नोर्ग्येलिंग वसाहतीतला पक्षकार उद्या समोर बसला, तर त्याच्याकडून निर्वासित असल्याचा दाखला मागण्याआधी जन्माचा दाखला मागावा.